कावीळ नव्हतीच: वरातीच्या एका घोडीचे रक्त, तिची चंदी आणि धनुर्मासाची सुट्टी

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. रात्री साडेआठच्या सुमारास मामांचा फोन आला. "डॉक्टरताई, शेवंताचं पोट दुखतंय. घामानं न्हायलीय. फिरवायला बघतोय, पण पाऊल उचलेना."

मामा म्हणजे नाशिकजवळच्या म्हसरूळकडचे घोडीवाले. पागेत चार घोड्या, दारात दोन बग्ग्या. शेवंता त्यांची नऊ वर्षांची पांढरीशुभ्र नुकरा घोडी, हलगीवर पाय उचलणारी, म्हणून तिला मागणी जास्त. मी फोनवरच सांगितले, "मामा, आधी फिरवणं थांबवा. आहे तिथंच उभी राहू द्या आणि अंगावर झूल टाका." पोटशुळाच्या घोड्याला फिरवतात, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असते. पण पोट दुखणारे घोडे पाय आपटते, कुशीकडे मान वळवून बघते, लोळू पाहते. जागीच थिजून उभे राहणारे घोडे वेगळे काही सांगत असते.

दिंडोरी रस्त्यावरच्या एका लॉन्सबाहेर ती उभी होती. नवरदेव गाडीतून पुढे गेला होता, बँडवाले लांब शेकोटीपाशी बसले होते. थंडी इतकी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती आणि घोडीच्या मानेवरून मात्र घाम टपकत होता. नाडी मिनिटाला ७२, शांत घोड्याची २८ ते ४४ असते. ताप ३८.९ अंश सेल्सियस. दोन्ही कुशींवर स्टेथोस्कोप लावला, आतड्यांचा आवाज चांगला येत होता. मग पुठ्ठ्यावर, म्हणजे ढुंगणाच्या मांसल भागावर, तळवा टेकवला. तिथे मांस लागायला हवे, लागला पाटा. बोटांनी दाबल्यावर तिने कण्हून मागचा पाय आखडून घेतला.

तेवढ्यात तिने पाय फाकवून लघवी केली. मामांचा भाचा तिचा मोतद्दार, म्हणजे घोडी सांभाळणारा. त्याला म्हटले, एक मग घे आणि धारेखाली धर. घोड्याची निरोगी लघवीसुद्धा जमिनीवर पडून राहिली की हवेने तांबूस तपकिरी होते, म्हणून मातीवरच्या डागावरून काही ठरवू नये. मगातली लघवी बिनदुधाच्या कॉफीसारखी काळी होती.

अशा लघवीला आपल्या भागात तीन-चार कारणे संभवतात. गोचिडीतून येणारा बबेसिया हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो, त्यानेही लघवी लाल-काळी होते. माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा रोगही डोक्यात ठेवावा लागतो. लघवीची पट्टी इथे उपयोगाची नाही, कारण ती रक्तरंजक (हिमोग्लोबिन) आणि स्नायूरंजक (मायोग्लोबिन) या दोहोंना सारखाच रंग दाखवते. उपयोगी पडते ती साधी काचेची नळी. रक्त गोठू न देणाऱ्या नळीत घोड्याचे रक्त घेऊन उभे ठेवले, की वीस-तीस मिनिटांत तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर रक्तद्रव सुटतो. इतक्या लवकर गायीचे रक्त बसत नाही. मी नळी गाडीच्या डॅशबोर्डवर टेकवून ठेवली आणि सलाईनची तयारी केली. परत पाहिले तेव्हा वरचा द्रव स्वच्छ पिवळा होता, गुलाबी झाक नव्हती. तांबड्या पेशी फुटल्या असत्या तर तो लाल दिसला असता. स्नायूतले मायोग्लोबिन आकाराने लहान, ते मूत्रपिंडातून पटकन गळून जाते. म्हणून रक्तद्रव स्वच्छ आणि लघवी काळी.

निदान तिथेच झाले. श्रमाने स्नायू फुटले होते. इंग्रजीत याला टाईंग-अप म्हणतात, अझोटुरियाही म्हणतात. जुने नाव मंडे मॉर्निंग डिसीज. युरोपात ओझ्याच्या गाड्या ओढणाऱ्या दांडग्या घोड्यांना रविवारी सुट्टी असायची, चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मात्र पूर्ण मिळायची. सोमवारी जुंपले की थोड्याच अंतरावर घोडा आखडायचा. वरातीच्या घोडीचा हा सोमवार दरवर्षी येतो, धनुर्मास सरल्यावर. १६ डिसेंबरच्या आसपास मुहूर्त थांबतात ते संक्रांतीपर्यंत. शेवंता तो सगळा काळ पागेत बांधलेली होती.

त्या रात्री सर्वांत मोठी भीती मूत्रपिंडांची होती. मायोग्लोबिनचा मारा आणि सुकलेले शरीर एकत्र आले की मूत्रपिंड निकामी होऊ शकते. त्यामुळे दुखणे थांबवण्याच्या इंजेक्शनलाही मी थांबवून ठेवले. फ्लुनिक्सिनसारखी औषधे कोरड्या शरीरात मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. आधी शिरेतून सलाईन, नाकातून पोटात नळी घालून कोमट पाणी, सकाळपर्यंत मिळून २० लिटर. ती नीट लघवी करू लागल्यावरच वेदनाशामक दिले.

मामांनी मधेच विचारले, "खायचा सोडा पाजू का? आमचे वडील पाजायचे. आंबट साचतं म्हणायचे अंगात." ही समजूत पुस्तकांतही बरीच वर्षे होती. लॅक्टिक आम्ल साचून स्नायू जळतात असे मानत. चौखूर पळालेल्या घोड्यात लॅक्टेट चढते हे खरे. विश्रांतीच्या वेळी लिटरला एक-दीड मिलिमोल असते ते जोराच्या दौडीनंतर २० च्या वर जाते. पण शेवंता दौडली नव्हती, चालली आणि नाचली होती. शिवाय घोड्याच्या घामात क्लोराईड भरपूर. ते निघून गेले की रक्त आम्लाकडे जाण्याऐवजी अल्कलीकडे झुकते. तिचे क्लोराईड नंतर ९० आले, ९८ च्या वर हवे. अशा रक्तात सोडा घातला असता तर झुकलेले पारडे आणखी झुकले असते.

घामाची आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. माणसाचा घाम रक्ताहून पातळ असतो. घाम गेला की रक्त खारट होते, मेंदूला ते कळते, तहान लागते. घोड्याचा घाम रक्ताइतकाच खारट, थोडा जास्तच. पाणी आणि मीठ बरोबरीने जातात, मागे उरलेले रक्त कमी होते पण खारट होत नाही. सुकलेली घोडी बादलीसमोर उभी राहूनही पीत नाही, ती याचमुळे. भाचा म्हणत होता, "पाणी दावलं ताई, तोंडच लावंना, म्हणजे तहान नसंल." आम्ही कोमट पाण्यात लिटरला नऊ ग्रॅम या हिशेबाने मीठ घालून बादली ठेवली. शेवंताने आधी ओठ बुडवले, मान वर केली, मग अर्धी बादली ओढली. त्यानंतर साधे पाणीही प्यायली.

रात्रीचे नमुने मी घरी नेऊन सिरम वेगळे करून ठेवले आणि सकाळच्या नमुन्यासोबत माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिले. स्नायू फुटल्यावर रक्तात येणारे मुख्य एन्झाइम सीके, म्हणजे क्रिएटिन कायनेज. यंत्राने सकाळच्या नमुन्यात फक्त 'मर्यादेबाहेर' दाखवले. सिरम पातळ करून पुन्हा लावायला सांगितल्यावर आकडा निघाला ७८,०००. रात्री, आखडल्यावर अडीच तासांनी, तोच ११,४०० होता. निरोगी घोड्यात साधारण १०० ते ४०० असतो. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन २.३, म्हणजे जरा चढलेले. रात्रीचे पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण, ५१ आणि प्रथिने ८.१. घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो, नुसत्या भीतीने वा पळण्याने प्लीहा आकसून पीसीव्ही चढते. त्यामुळे एकट्या पीसीव्हीवरून शरीर सुकले असे म्हणू नये. प्रथिनेही सोबत चढलेली असली तर म्हणावे.

तिसऱ्या दिवशी पागेत पोचले तर मामांच्या हातात उसाच्या रसाच्या दोन बाटल्या.

झाले होते असे की, रिपोर्टचा कागद मामांनी ओळखीच्या एका मेडिकलवाल्याला दाखवला. कागदावर छापील मर्यादा माणसांच्या. एसजीओटी ४,१००, बिलिरुबिन ५.८, दोन्हींपुढे ठळक बाण. त्याने सांगितले, कावीळ आहे, जोरात आहे. मामांनी घोडीचा ओठ उलटून पाहिला. पांढऱ्या घोडीच्या गुलाबी हिरड्या खरोखरच पिवळ्या पडल्या होत्या. लघवी काळी, हिरड्या पिवळ्या, कागदावर बाण. आणखी काय पुरावा हवा? आपल्याकडे कावीळ म्हटली की उसाचा रस आणि पथ्य. मामांनी गवतही अर्ध्यावर आणले होते.

मला त्यांचा राग आला नाही. माणसाच्या रक्ताच्या हिशेबाने त्यांचे काहीच चुकले नव्हते. घोड्याच्या रक्ताचा हिशेब वेगळा आहे, एवढेच. एसजीओटी, म्हणजेच एएसटी, यकृतात असते तसेच स्नायूतही भरपूर असते. सीके फुटीनंतर चार-सहा तासांत शिखर गाठते आणि दोन-तीन दिवसांत झपाट्याने उतरते. एएसटी हळू चढते, दिवसभराने शिखरावर येते आणि उतरायला आठवडे घेते. दोन्ही चढलेली असली तर स्नायू नुकतेच फुटलेत. एएसटी चढलेली आणि सीके उतरलेली असेल तर फूट होऊन काही दिवस झालेत. यकृताचा संशय असेल तर जीजीटी हे एन्झाइम पाहावे. शेवंताचे जीजीटी १८, अगदी निरोगी.

मग बिलिरुबिन? घोड्याला पित्ताशय नसते. त्याचे पोट थोडे थोडे पण अखंड खाण्यासाठी बनलेले आहे. घोडे एक-दोन दिवस खाईना की यकृत बिलिरुबिन उचलायला कमी पडते आणि रक्तात ते कित्येक पटींनी वाढते. रोग नसतानाही. शेवंता दुखण्याने दोन दिवस जेमतेम खात होती, तिसऱ्या दिवशी मामांनी पथ्य म्हणून गवत आणखी तोडले. म्हणजे काविळीच्या उपचारानेच हिरड्या आणखी पिवळ्या होत होत्या. आणि उसाचा रस म्हणजे निव्वळ साखर, जिच्यामुळे हे सगळे सुरू झाले होते तिचीच पुढची खेप.

"मग औषध काय?" मामांनी विचारले.

"गवत," मी म्हणाले. "समोरची गव्हाण रिकामी दिसता कामा नये."

पाचव्या दिवशी बिलिरुबिन १.९ वर आले. क्रिएटिनिन १.२. सातव्या दिवशी सीके ६२०, एएसटी अजून २,१००. मेडिकलवाल्याने तो कागद पाहिला असता तर पुन्हा कावीळच म्हणाला असता.

खरी तपासणी त्यानंतर केली, गव्हाणीची. भाच्याला वजनकाटा आणायला लावला आणि धनुर्मासात काय घालत होता ते जसेच्या तसे मोजून दाखव म्हटले. तो मापट्याने घालायचा, काट्यावर प्रथमच ठेवत होता. सकाळी दीड किलो भरडा, संध्याकाळी दीड किलो. निम्मी बाजरी, निम्मा हरभरा. वर पाव किलो गूळ, "थंडीत ताकद रहावी म्हणून". गव्हाचा कोंडा एक किलो. कडबा तीन किलो, तोही अर्धा तुडवलेला. टेपने छातीचा घेर १६६ सेंटीमीटर, लांबी १४८. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८७७. वजन ३४३ किलो.

या वजनाच्या घोडीला एका वेळी साधारण ३५० ग्रॅमच्या आत स्टार्च मिळावा. त्या दीड किलो भरड्यात जवळजवळ ८०० ग्रॅम होता. सुका चारा वजनाच्या दीड टक्का तरी लागतो, म्हणजे पाच किलोच्या वर. मिळत होता तीन. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र. हे वर्षानुवर्षे चालले तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातला आकडा सांभाळत राहते. आकडा ठीक दिसतो आणि चेहऱ्याची हाडे फुगू लागतात. शेवंतावर ती वेळ आली नव्हती, पण मी कोंडा त्याच दिवशी मूठभरावर आणला.

स्टार्च आतड्यात साखर होऊन रक्तात येतो, इन्सुलिन चढते, साखर स्नायूत ग्लायकोजेन म्हणून साठते. इन्सुलिन चढलेले असताना अंगातली चरबी मोकळी होत नाही, स्नायूंना जाळायला चरबी मिळत नाही. काम असेल तर साठा खर्च तरी होतो. महिनाभर खुंट्याला बांधलेल्या घोडीत तो भरतच राहतो आणि स्नायूंची कामाची सवय मोडते. त्यातच वरातीच्या संध्याकाळी चारला तिला नेहमीपेक्षा जास्त चंदी दिली होती, पहिले काम म्हणून. सहाला पाठीवर खोगीर, झूल, नवरदेव, समोर हलगी. घोड्याच्या रक्तातली साखर आणि इन्सुलिन चंदीनंतर दीड-दोन तासांनी शिखरावर असतात. त्यावेळी तिला चालवले होते.

मामांना हे पटेना. "आमच्या पिढ्या हरभऱ्यावर घोडी पाळतात." त्यांना स्वतःला साखरेचा त्रास आहे, महिन्यातून एकदा रिकाम्या पोटी आणि जेवणानंतर रक्त देतात. मी म्हटले, शेवंताचंही तसंच करू. एका दिवशी जुन्या भरड्याचा फक्त अर्धा किलो दिला. आधीची साखर ९२, दोन तासांनी १५१. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी नुसते गवत. ९० ची ९९. मामांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. "म्हणजे माझ्या भातासारखं झालं हे," ते म्हणाले. त्यानंतर मला एकदाही समजवावे लागले नाही.

नवी चंदी अशी ठरली. त्र्यंबकच्या बाजूचे सुके डोंगरी गवत सहा किलो, दिवसात चार वेळा विभागून. चिरलेला लसूणघास दीड किलो. भरडा आणि गूळ बंद. ताकदीसाठी सोयाबीन तेल, घासात कालवून, ३० मिलिलिटरपासून सुरुवात करून तीन आठवड्यांत २०० पर्यंत. तेल इन्सुलिन हलवत नाही, मात्र ते जाळायला शिकायला स्नायूंना काही आठवडे लागतात. तेलासोबत ई जीवनसत्त्व. मीठ रोज ३० ग्रॅम. सहाव्या दिवसापासून हातात धरून दहा मिनिटे चाल, मग रोज पाच-पाच मिनिटे वाढवत रपेट, एकही दिवस खाडा नाही.

चार आठवड्यांनी परीक्षा घेतली. पंधरा मिनिटे दुडकी चाल, आधी रक्त, चार तासांनी पुन्हा रक्त. निरोगी घोड्यात एवढ्या कामाने सीके फारसे हलत नाही. तिप्पट-चौपट झाले तर स्नायू अजून फुटताहेत असे धरावे. शेवंताचे २८० चे १,६५० झाले. सहापटीच्या जवळ.

मी त्या दिवशी खरेच खचले. सगळे बरोबर करूनही असे होत असेल तर स्नायूंचा जन्मजात दोष असू शकतो, आणि मग तिचे वरातीचे दिवस संपले. मामा ऐकत होते. भाचा मात्र खरारा हातात घेऊन दाराशी घुटमळत होता. शेवटी म्हणाला, "ताई, तेलाचा वास तिला आवडत नव्हता. तोबरा तसाच ठेवायची. मग मी थोडा गूळ अन् मूठभर भरडा घालायचो. उपाशी राहील म्हणून." आणि तपासणीआधीचे दोन दिवस तो दुसऱ्या घोड्या घेऊन सिन्नरला लग्नात होता, शेवंता बांधलेलीच होती.

त्याने सांगितले म्हणून घोडी वाचली. रागावले असते तर पुढच्या वेळी त्याने सांगितले नसते. आम्ही तेल पुन्हा ३० वर आणले आणि ओल्या घासात चोळून, मुठीमुठीने भरवत वाढवले. तो गावाला गेला की चालवायची जबाबदारी मामींनी घेतली. आठव्या आठवड्यात पुन्हा तीच पंधरा मिनिटे. २४० चे ४१० झाले. एएसटी ३३० वर, म्हणजे जुनी फूट धुऊन गेली होती आणि नवी होत नव्हती. जन्मजात दोषासाठी स्नायूचा तुकडा काढून तपासण्याची वेळ आली नाही.

मार्चअखेर ती पहिल्या वरातीला गेली. मामांनी अटी घातल्या: दोन तासांच्या वर नाही, आधी अर्धा तास रिकाम्या पाठीने चालवणार, वरातीआधी चार तास गवतच, मध्ये एकदा मीठपाण्याची बादली. एका यजमानांनी नाचण्याचे जास्त पैसे देऊ केले. मामांनी घेतले नाहीत.

पागेच्या खांबाला आता एक वही टांगली आहे. तारीख, गवत, तेल, रपेट असे चार रकाने भाच्याने पट्टीने आखले आहेत. परवा गेले तेव्हा त्याने पाचवा रकाना जोडला होता, लघवीचा रंग. शेवंताच्या नावापुढे रोज एकच शब्द होता, पिवळी. बाकीच्या तीन घोड्यांची नावेही खाली लिहून ठेवली होती आणि त्यांच्यासाठी वजनकाटा कधी आणू, असे त्याने मला विचारले.